दोघांना जागा कुठे?

तरुण प्रेमाच्या चित्रपटांविषयी बोलताना आपल्याला चेहरे आठवतात, गाणी आठवतात. ती दोघं भेटली कुठे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मला वाटतं, असा चित्रपट खरा उतरला की नाही, याचा निकाल याच प्रश्नावर लागतो. नाशिकपुरतं बोलायचं तर हा प्रश्न पडद्याइतकाच जुना आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळाली नाही आणि अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवावं लागलं. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेऱ्यासमोर आल्या खऱ्या, पण १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका पुन्हा साळुंक्यांनीच केल्या. सीताहरणाची कथा जिथे घडली असं मानतात, ती पंचवटी इथलीच. पण पडद्यावरचा विरह मात्र एकाच पुरुषाच्या देहात! मुलीला चौकटीत उभं राहायला जागा नाही, तिथे प्रेमकथा रंगणार कुठून?

यावर कोणी म्हणेल, प्रेम सगळीकडे सारखंच. गाव, गल्ली, विहीर हे नुसतं नेपथ्य. या आक्षेपाला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीतला एक चित्रपट उत्तर देतो. गेरहार्ड क्लाइनचा 'आइने बर्लिनर रोमान्झे' १९५६चा, म्हणजे बर्लिनची भिंत उभी राहण्याच्या पाच वर्षं आधीचा. पूर्व बर्लिनची उशी नावाची मुलगी आणि पश्चिम बर्लिनचा बेकार हान्स. सीमा अजून उघडी आहे, ये-जा चालू आहे. पण पलीकडची झगमगती दुकानं, हान्सला न मिळणारं काम आणि दोन बाजूंच्या दोन राजवटी त्यांच्या प्रत्येक भेटीत येऊन बसतात. चित्रपट पूर्वेकडच्या सरकारी स्टुडिओचा, त्यामुळे त्याचं झुकतं माप कुठे पडणार हे उघड आहे. तरीही ते रस्ते काढून घेतले तर उशी-हान्सची गोष्टच उरत नाही.

आपल्याकडे सीमा जातीची. नागराज मंजुळेंचा 'सैराट' २०१६च्या फेब्रुवारीत बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २९ एप्रिलला आपल्याकडे प्रदर्शित झाला. करमाळ्याकडच्या त्या शिवारात विहीर पाटलांची, ऊस पाटलांचा, कॉलेजवर वचक पाटलांचा. पाटलांची आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, कारण ती जमीन तिच्या बापाची आहे. मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या त्याच जमिनीवर परका. पहिला अर्धा भाग फार गोड, स्वप्नाळू झाला, अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. मला ती पटत नाही. अजय-अतुलचं ते भव्य संगीत त्या दोघांना काही काळ एक उसनं शिवार मिळवून देतं. पळून गेल्यावर तेच सुटतं आणि हैदराबादच्या झोपडपट्टीतली खोली किती अपुरी आहे, ते अंगावर येतं. तिथे गाणं नाही. आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला जाते, तेलुगू शिकते, संशय आणि भांडणं सोसते, आणि मग हळूहळू घर उभं राहतं. प्रेमाची खरी कमाई मला त्या खोलीत दिसते. आर्चीचा भाऊ माहेरच्या भेटी घेऊन येतो तो नेमका त्याच घरात, आणि तिथेच दोघांचा खून होतो. शेवटाला संगीत नसणं हा म्हणूनच दिग्दर्शकाचा सर्वांत प्रामाणिक निर्णय आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. जात, सत्ता, खून यांच्या ओझ्याखाली पोरवयातला निखळ आनंद चिरडला जात नाही का? 'शाळा' हा चित्रपट त्याचं उत्तर देतो. आणीबाणीच्या काळात अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून शिरोडकर या मुलीची वाट बघणारा शाळकरी जोशी पुरेपूर आनंदात आहे, आणि ती इमारत, तो काळ त्या आनंदाला धार आणतात. उलट पुरावा २०१८च्या 'धडक'चा. 'सैराट' उचलून उदयपूरला नेला, महाल आले, तलाव आला, जात मात्र जवळपास गळून पडली. मग तो भाऊ एवढा का पेटतो, हे प्रेक्षकाला आतून कळत नाही.

म्हणून फाळक्यांच्या जिल्ह्याकडून माझी एक मागणी आहे. नाशिकच्या प्रेमकथेत गोदाघाट आणि गंगापूर रोडवरचे कॅफे येतीलच. पण दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जाऊन बघा. ऑक्टोबरात गोडी छाटणी सुरू होते आणि पेठ-सुरगाण्याकडून आदिवासी मजुरांच्या टोळ्या बागांवर उतरतात. पुढे थिनिंगच्या दिवसांत बारक्या कात्र्या घेऊन एकेका घडातले जादा मणी कापायचे, मान वर करून, दिवसभर, एकाच मांडवाखाली. त्याच मांडवाखाली बागाईतदाराचा कॉलेजात जाणारा मुलगा हजेरी मांडत असतो आणि टोळीतली त्याच्याच वयाची मुलगी घड हातात धरून उभी असते. हंगाम संपला की टोळी डोंगरावर परत जाते. त्या दोघांना बोलायला किती ओळी मिळतात, आणि बोललीच तर पहिला कोण हटकतो, इथून त्या चित्रपटाची पटकथा सुरू करता येईल.