दोन चहा आणि एक चित्र

छंद सांगितला रे सांगितला, की समोरचा आकडा विचारतो. सायकल चालवते म्हटलं की, ‘किती किलोमीटर?’ चित्रं काढते म्हटलं की, ‘विकतेस का? कितीला जातं एक?’ यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण आपल्या पिढीला मोजल्याशिवाय काही कळतच नाही बहुतेक. पावलं मोजायची, झोप मोजायची, लाइक्स मोजायचे. मी फ्रीलान्स पत्रकार, त्यामुळे माझं तर सगळं आयुष्यच शब्दांच्या हिशेबात चालतं. आठशे शब्द, बाराशे शब्द, मंगळवार संध्याकाळपर्यंत, प्लीज!

म्हणून रविवार सकाळ मी राखून ठेवलेली आहे. त्या सकाळी काहीच मोजायचं नाही.

माझ्या फ्रेंड सर्कलमध्ये सॉलिड सायकलवाले आहेत. एका सीझनमध्ये २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे पूर्ण करून ‘सुपर रँदोनिअर’ झालेलेसुद्धा. २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत संपवायचे असतात म्हणे! त्यांना फुल रिस्पेक्ट. माझा कारभार मात्र अगदीच लाजिरवाणा आहे. कोथरूडहून निघायचं, कर्वे रस्त्यानं डेक्कन, लकडी पूल, अलका टॉकीजचा चौक आणि तिथून पेठांच्या गल्ल्या. जाताना सहा-सात किलोमीटर, येताना तेवढेच. मध्ये दीड-दोन तास कुठल्यातरी फूटपाथवर बसून चित्र. सायकलला गिअर नाहीत. कॅरिअर मात्र आहे, कारण घडीचं स्टूल त्याला बांधायचं असतं.

बाकीचं सामान सॅकमध्ये मावतं. एक स्केचबुक, बारा रंगांची छोटी पेटी, दोन ब्रश, पाण्याची बाटली, जुन्या कॉटनच्या ओढणीचा तुकडा. बस्स! त्यातला एक ब्रश नेहमीचा गोल, आणि दुसरा ‘रिगर’. लांब, बारीक केसांचा. पूर्वी जहाजांच्या चित्रांत शिडांचे दोर काढायला वापरायचे, म्हणून हे नाव. पुण्यात समुद्र नाही, पण दोरांची कमतरता अजिबात नाही. केबलच्या, लाइटच्या, इंटरनेटच्या वायरी! पेठांमध्ये मान वर करून बघा, अख्खं बंदर दिसेल.

आता तुम्ही म्हणाल, हे चित्रांचं खूळ आलं कुठून? आपल्यापैकी अनेकांचं जिथून आलं तिथूनच. शाळा, एलिमेंटरी, इंटरमिजिएट. स्थिरचित्रात तांब्या, स्मरणचित्रात जत्रा, आणि हातात उंटाचं चित्र असलेली रंगांची पेटी. दिगंबर परशुराम दांडेकरांनी १९३१ साली शाई बनवण्यापासून सुरू केलेला हा मराठी उद्योग. २०११ मध्ये तो जपानच्या कोकुयो कंपनीकडे गेला, पण उंट राहिला. दहावी आली आणि पेटी माळ्यावर गेली. मास कम्युनिकेशनची डिग्री, मग नोकरी, मग नोकरी सोडून फ्रीलान्सिंग... आणि एक दिवस लक्षात आलं, की आपण स्क्रीनशिवाय कशाकडेच सलग दहा मिनिटं बघत नाही. पेटी खाली आली. सायकल त्याच आठवड्यात सेकंडहँड घेतली. कारण साधं होतं. पेठांत गाडी लावायला जागा मिळत नाही!

पण सायकलचा खरा फायदा वेगळाच निघाला. स्कूटरवर असलं की रस्ता दिसतो. चालत असलं की पायाखालचं दिसतं. सायकलवर बरोबर पहिला मजला दिसतो! आणि पेठांमधलं सगळं बघण्यासारखं तिथेच आहे. विश्रामबागवाड्याची लाकडी गॅलरी आणि तिचे सुरूच्या झाडासारखे घडवलेले खांब मी शंभर वेळा ओलांडले असतील. सायकल थांबवून चित्राला बसले, तेव्हा कळलं की दुपारपेक्षा सकाळी ते खांब कितीतरी बारीक वाटतात, कारण एक बाजू सावलीत असते.

जलरंगाची गंमत अशी, की त्यात पांढरा रंग नसल्यातच जमा. पांढरं हवं असेल तर कागद कोरा सोडायचा. म्हणजे काय रंगवायचं यापेक्षा काय रंगवायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं. आधी फिकट, मग गडद. चुकलं तर खोडता येत नाही. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळले की पेठांतल्या सावलीचा तो जुना, दमट करडा रंग मिळतो. थोडा सिएना वाढवला की तेच लाकूड होतं. एप्रिल-मेमध्ये ब्रश कागदावरून उचलेपर्यंत रंग वाळतो. जुलै-ऑगस्टमध्ये वाळतच नाही, आणि आकाश घरंगळत छपरात येतं. शिवाय सूर्य काही आपल्यासाठी थांबत नाही. अर्ध्या तासात सावली भिंतीवरून सरकलेली असते. त्यामुळे सावल्या पहिल्या दहा मिनिटांत पकडायच्या आणि मग त्यांच्याकडे बघायचं नाही, हा शिकलेला धडा.

पुण्यात हे शिकायला गुरू शोधावे लागत नाहीत. मिलिंद मुळीक यांची जलरंगावरची, स्टेप-बाय-स्टेप शिकवणारी पुस्तकं मिळतात. माझ्याकडच्या प्रतीवर रंगाचे इतके डाग आहेत की तेच एक चित्र झालंय. त्यांचे वडील प्रताप मुळीक म्हणजे ‘अमर चित्र कथे’च्या कितीतरी अंकांचे चित्रकार. आणि जागेवर बसून शहर काढणाऱ्यांची जी ‘अर्बन स्केचर्स’ नावाची जगभरची मंडळी आहेत, ती २००७ मध्ये गाब्रिएल कॅम्पानारियो या सिअॅटलच्या पत्रकारानं गोळा केली. पत्रकारानं, बरं का! त्यांचा एक नियम मला जाम आवडतो: जे समोर दिसतंय त्याच्याशी प्रामाणिक राहायचं.

हा नियम वाचायला सोपा आहे. त्याची किंमत मला गेल्या वर्षी कळली.

झालं असं, की माझी काही चित्रं मित्राच्या मित्रानं पाहिली आणि एका कंपनीकडून मेल आला. नवीन वर्षाचं कॅलेंडर, थीम ‘हेरिटेज पुणे’, बारा चित्रं. मानधन किती? माझ्या तीन महिन्यांच्या घरभाड्याएवढं! मी दोन नमुने पाठवले. एक मंडईचं, एक कसब्यातल्या गल्लीचं. मंडई म्हणजे अष्टकोनी मनोऱ्याची ती दगडी इमारत, १८८६ ची, तेव्हाचं ‘रे मार्केट’. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी तिच्यावर एवढा खर्च करायला विरोध केला होता, आणि आज नाव त्यांचंच आहे. अशी इमारत कॅलेंडरला मस्तच.

उत्तर आलं, ‘लव्हड इट!’ आणि खाली छोटी यादी. वायरी काढा. पार्क केलेल्या दुचाक्या काढा. निळी ताडपत्री काढा. गल्लीतल्या वाड्यावरचे पत्रे काढून कौलं करा. आकाश जरा निळं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. पैसे त्यांचे, भिंत त्यांच्या क्लायंटची. पोटासाठी चित्र काढणारे लोक हे रोज करतात आणि उत्तम करतात. मैत्रीण म्हणाली, ‘वेडी आहेस का? छंदाचे पैसे मिळतायत, अजून काय हवं?’ मुद्दा बिनतोड होता. मेल आठवडाभर इनबॉक्समध्ये तसाच.

मधल्या रविवारी मी त्याच गल्लीत, त्याच वाड्यासमोर बसले होते. वाडा पडायचा होता. पेठांमधल्या वाड्यांची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा नदीकाठचे कितीतरी वाडे एका दिवसात गेले. जे उरले ते हळूहळू जातायत. मालकांचे वारस डझनभर, भाडेकरू जुने, भाडं नावापुरतं. मग डागडुजी कोण करणार? दर पावसाळ्याआधी महापालिकेच्या धोकादायक वाड्यांना नोटिसा, आणि शेवटी बिल्डर.

दिंडीदरवाजातून एक काका बाहेर आले. बनियन, पायजमा, हातात दुधाची पिशवी. माझ्या मागे उभे राहिले. चित्र काढताना मागे कुणीतरी उभं राहणार हे गृहीतच असतं. पुण्यात ते सल्लाही देणार, हेही.

‘आमच्या केबलची वायर नाही काढलीस?’

‘काका, ती शेवटी टाकायची असते.’

‘टाक. आणि ती दुसरी पण. ती खालच्यांची. आमच्या खिडकीवरून नेली, त्यावरून चार वर्षं बोलणं नव्हतं आमचं.’

मी रिगर काढला आणि दोन्ही टाकल्या. मग त्यांनी ताडपत्री कुठल्या पावसाळ्यात बांधली ते सांगितलं. जिन्याचा कठडा कुणाच्या लग्नात मोडला, तेही. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार. म्हटलं, ‘वाडा जाणार म्हणून वाईट वाटत असेल ना?’

‘वाईट?’ काका उखडलेच. ‘अगं, तीन बिऱ्हाडांत एक संडास. पावसाळ्यात जिन्यात बादल्या. तो जिना चढून गुडघे गेले माझे. लिफ्ट मिळणारे आता मला, लिफ्ट!’ मग त्यांची नजर माझ्या सायकलकडे गेली. ‘हौस म्हणून चालवतेस ना? आम्ही एकतीस वर्षं मारली. इथून खडकीला, अॅम्युनिशन फॅक्टरीत. जाऊन-येऊन, उन्हापावसात. स्कूटर आली त्या दिवशी पेढे वाटले गल्लीत.’

माझ्याकडे यावर काही उत्तर नव्हतं. अजूनही नाही. माझ्या निवांत रविवारचा अर्धा भाग म्हणजे काकांचा एकतीस वर्षांचा कंटाळा होता, आणि ज्या लाकडी जिन्यासाठी मी थांबले होते त्यावरून उतरायची त्यांना घाई होती. पण चित्र मात्र त्यांना हवं होतं. कौलांचं, निळ्या आकाशाचं नको. हेच. पत्र्याचं, ताडपत्रीचं, भांडणाच्या वायरीचं.

‘किती द्यायचे?’ आला तो प्रश्न!

‘काही नको, काका.’

‘फुकट नको. आम्ही फुकट घेत नाही.’

शेवटी दोन चहांवर तोडगा निघाला. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये, उभ्याउभ्या. चित्र अजून ओलसर होतं, ते मी दोन बोटांत धरून ठेवलं होतं. चहा संपल्यावर त्यांनी खिशातलं पेन काढून दिलं. ‘सही कर. आणि तारीख टाक. तारीख महत्त्वाची.’

सोमवारी मी कंपनीला नम्रपणे नाही कळवलं. शुद्ध कलेचा वगैरे फंडा नव्हता हो! माझ्या रोजच्या कामात मी वायरी काढतेच. एडिटरला नको असलेला पॅरा काढते, क्लायंटला नको असलेलं वाक्य काढते, आणि त्याचे पैसे घेते. तो धंदा आहे आणि तो मला आवडतो. पण आठवड्यातून एक जागा अशी हवी, जिथे समोर जे आहे ते तसंच ठेवता येईल. ती बारा चित्रांत विकली असती, तर रविवारी मी सायकल कुठे नेली असती? त्या महिन्यात भाड्यासाठी दोन जाहिरातींच्या पुरवण्या जास्तीच्या लिहिल्या. रात्री जागून. चालायचंच.

वाड्याच्या जागी आता पत्र्याचं कुंपण आहे, आत खड्डा. काका बिल्डरनं दिलेल्या भाड्यावर दुसरीकडे राहतात. चित्राचा फक्त एक मोबाइलवरचा फोटो माझ्याकडे आहे, तोही तिरका.

तुम्हाला करून बघायचं असेल, तर फार खर्च नाही. पेटी शाळकरी चालेल, कागद मात्र जाड घ्या, ३०० जीएसएमचा. पातळ कागद पाण्यानं फुगतो आणि मूड घालवतो. सायकल मित्राची चालेल. सकाळी साडेसहाला निघा, कारण आठनंतर सावल्या आखूड होतात आणि हॉर्न वाढतात. पहिली पाच-सहा चित्रं भयानक येतील. येऊ द्या. मागे कुणी येऊन उभं राहिलं तर वही मिटू नका. कुठली वायर कुणाची, हे त्यालाच माहीत असतं. आणि चित्राखाली तारीख नक्की टाका.