खजुराची बी

आंब्याची कोय, फणसाची आठळी, चिंचेचा चिंचोका. आपल्या भाषेने फळाफळाच्या बीला वेगळं नाव दिलं, पण खजुराच्या बीला आपण नुसतं 'बी' म्हणून मोकळे झालो. चौतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे असल्या गोष्टी डोक्यात फिरत राहतात. मला वाटतं, कारण सरळ आहे. कोय आपण परसात पुरतो, आठळ्या भाजून खातो, चिंचोक्यांनी खेळतो. खजुराची बी एकादशीला ताटाच्या कडेला जमते आणि कचऱ्यात जाते. तिचं काही करायचं असतं, हे माझ्या नातवाने विचारेपर्यंत माझ्याही मनात आलं नव्हतं.

लेक-जावई सतरा वर्षं मस्कतला होते. मी दर हिवाळ्यात दोन-अडीच महिने जायची. २०१६ चा डिसेंबर असेल. नातू तेव्हा नऊ वर्षांचा. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकांनी 'फर्द' जातीच्या खजुराचा डबा पाठवला होता. काळपट, फार गोड नाही, चहाबरोबर छान लागतो. आमच्या पठ्ठ्याने सात बिया धुऊन खिडकीत ओळीने मांडल्या आणि विचारलं, "आजी, हे लावलं तर झाड येईल?"

मी भाषेची मास्तरीण. तरी आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या त्या बाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं तसं केलं. बिया तीन दिवस पाण्यात, पाणी रोज बदलायचं, म्हणजे चिकटलेला गोड गर निघून जातो आणि बुरशी धरत नाही. मग ओल्या नारळाच्या भुशात घालून पिशवी बंद करायची आणि उबदार जागी ठेवायची. या बीला तीस-पस्तीस अंशांची ऊब लागते. मस्कतच्या डिसेंबरात घरात तेवढी नसते, म्हणून पिशवी फ्रिजच्या डोक्यावर गेली. तिथे मागून गरम हवा येते.

खजुराची बी हातात घेऊन नीट बघा. एका बाजूला लांब चीर असते, ती सगळ्यांना दिसते. दुसऱ्या बाजूला मध्यावर एक बारीक गोल ठिपका असतो. साधारण पंचविसाव्या दिवशी त्या ठिपक्यातून पांढरं टोक बाहेर आलं. नातवाला वाटलं कोंब. कोंब नव्हे. मुगाला मोड येतो तसा हा प्रकार नाही. बीतून आधी एक नळी निघते आणि सरळ खाली जाते. तिच्या टोकाला मूळ फुटतं, आणि मग त्या नळीलाच बाजूला फट पडून तिच्यातून पान वर येतं. म्हणजे बी एकीकडे पडलेली आणि रोप भलतीकडे उगवलेलं! बीच्या आत तिचा एक भाग राहतो आणि तो दगडासारखा कठीण साठा हळूहळू विरघळवून रोपाला पोचवत असतो. मोड आलेल्या नारळात पांढरा मऊ गोळा सापडतो ना, ज्यावर पोरं झडप घालतात, त्याच जातीचा हा भाग.

सातातल्या चार रुजल्या. कुंड्या उथळ चालत नाहीत, कारण मूळ आधी खोल उतरतं आणि पान मागून सावकाश येतं. आम्ही पाण्याच्या मोठ्या बाटल्या वरून कापून त्यात लावल्या. पहिलं पान भाल्याच्या पात्यासारखं सरळ, अखंड. झावळीसारखं चिरलेलं पान यायला खूप थांबावं लागतं. वर्षभरात तीन-चार पानं, बस्स. नातू दर रविवारी फोनवर सांगायचा, "आजी, अजून गवतच दिसतंय."

घरमालक माझ्याच वयाचे. जुन्या मस्कतकरांना हिंदी बरीच येते, त्यामुळे आमच्या गप्पा चालायच्या. रोपं बघून ते हसले. म्हणाले, बी कोण लावतं? त्यांच्याकडे खजूर लावतात तो मुनव्यांनी, म्हणजे केळीला असतात तशी बुंध्याशी पिल्लं येतात, ती काढून. कारण मुनवा म्हणजे आईच. फर्दचा मुनवा फर्दच देणार. बीचं तसं नाही. खजुरात नर वेगळा, मादी वेगळी. बियांतून साधारण निम्मे नर निघतात आणि फुलोरा येईपर्यंत कोण काय ते दिसत नाही. त्याला पाच ते आठ वर्षं, कधी जास्तही. मादी निघाली तरी फळ आईसारखं असेल याची खात्री नाही. "बीचं झाड अल्लाच्या मर्जीचं," ते म्हणाले.

बागेत नर लागतात तरी किती? एका नराचा पराग चाळीस-पन्नास माद्यांना पुरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माणूस वर चढतो आणि नराच्या फुलांच्या काड्या मादीच्या उघडलेल्या पोयीत स्वतः खोचतो. हे काम हजारो वर्षं माणूस वाऱ्यावर न सोडता हाताने करत आला आहे. उरलेल्या नरांवर कुऱ्हाड. पाणी फुकट कोण घालणार?

पण बीपासूनच बागा वाढवलेलं एक गाव मी पाहिलं होतं. २०१४ च्या जून अखेरीला आम्ही निवृत्त मंडळी कच्छला गेलो होतो, तेव्हा मुंद्र्याकडे पिवळ्या-लाल खारकांचे ढीग पाहिले. तिथली जुनी देशी झाडं बहुतेक बियांची, म्हणून प्रत्येक झाडाची चव निराळी. एक करकरीत गोड, दुसरं तोंड आवळून टाकणारं. तिथे फळ पिकून मऊ व्हायच्या आत पाऊस येतो, म्हणून ते कच्चं-करकरीतच खातात. २०२४ च्या जानेवारीत कच्छी खारकेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते वाचून बरं वाटलं. जाता जाता सांगते, आपल्या डिंकाच्या लाडवातली खारीक पुष्कळदा ओमानची असते. 'मब्सली' नावाच्या जातीची अर्धी पिकलेली फळं मोठ्या कढयांत उकळून, उन्हात वाळवून भारतात धाडतात. तेव्हा खारकेच्या बिया रुजत घालायच्या भानगडीत पडू नका. उकळलेली बी कुठली रुजायला!

मस्कतला असतानाच नातवाने मला मेथुसेलाची गोष्ट वाचून दाखवली. मृत समुद्राजवळच्या मसादा किल्ल्यात १९६३ ते ६५ दरम्यान उत्खनन झालं, त्यात खजुराच्या बिया मिळाल्या आणि चाळीसेक वर्षं नुसत्या जपून ठेवल्या गेल्या. डॉ. सारा सॅलन यांनी त्यातल्या काही मागून घेतल्या आणि एलेन सोलोवे यांनी जानेवारी २००५ मध्ये केतुरा या वसाहतीत तीन बिया लावल्या. कोमट पाण्यात भिजवून, संप्रेरकं देऊन. एक रुजली. तिचं वय निघालं सुमारे दोन हजार वर्षं! बायबलातल्या सर्वांत दीर्घायुषी माणसाचं नाव झाडाला दिलं. आणि फुलोरा आला तेव्हा कळलं, नर. दोन हजार वर्षं थांबून नर! नातू तेव्हा खो खो हसला होता. पुढे त्याच भागातल्या जुन्या बियांतून आणखी सहा झाडं रुजली. त्यातल्या हॅना नावाच्या मादीला मेथुसेलाचाच पराग दिला आणि २०२० साली तिला १११ खजूर लागले.

आमच्या चारांतलं एक रोप मुळांशी पाणी साचून गेलं, एक शाळेत दिलं, एक शेजारच्या केरळी कुटुंबाने नेलं. उरलेलं एक निळ्या पिंपात वाढत राहिलं. एसीचं ठिबकणारं पाणी त्याला पुरायचं.

२०२३ च्या सुरुवातीला जावयाची जागा स्थानिक माणसाला द्यायचं ठरलं. यात रागवण्यासारखं काही नाही. त्यांचा देश, त्यांची मुलं. ओमानचं हे धोरण १९८८ पासूनचं, जाणाऱ्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत असतं. पण नातू जन्मला तिथे, दहावीपर्यंत शिकला तिथे, आणि कामाचा परवाना संपला की त्याचंही तिथलं राहणं संपलं. सामान विकलं, सायकल विकली. तो काही बोलला नाही. फक्त विचारलं, "याचं काय?" पुण्यात आणायचा प्रश्नच नव्हता. मातीसकट झाड विमानतळावर कोण सोडणार? आणि आणलं असतं तरी आपल्या श्रावणात खजूर पिकत नाही, कुजतो.

घरमालक मार्चमध्ये एका सकाळी पिकअप घेऊन आले आणि पिंप चढवून निझवाजवळच्या आपल्या वडिलोपार्जित बागेत घेऊन गेले. ज्यांनी बी कोण लावतं म्हणून हसून घेतलं होतं, तेच. मी काही मागितलं नव्हतं.

ती बाग फलजवर आहे. फलज म्हणजे डोंगरातून उताराने आणलेला पाट, कित्येकदा जमिनीखालून. अशा पाच फलज २००६ मध्ये जागतिक वारशात गेल्या, निझवाची 'दारिस' त्यातलीच एक. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. पूर्वी दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजायच्या. अर्ध्या तासाच्या पाळीला 'अथर' म्हणतात. माझं माहेर आटपाडीकडचं. सामाईक विहिरीवरच्या पाळीवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोललेले मी पाहिले आहेत. तेव्हा निझवात एका अनोळखी झाडासाठी पाणी वळवणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

२०२५ च्या वसंतातही फुलोरा आला नाही. पिंपात मुळं आखडली होती, जागा बदलली, त्यामुळे उशीर होणारच. नातू आता कॉलेजात आहे. त्याला वेळ नसतो, पण मार्च आला की त्याचा फोन येतो. परवा त्याने मला विचारलं, "नर निघाला तर तोडतील का गं?" मी म्हटलं, तूच विचार. त्याने मोडक्या अरबीत आवाजी निरोप पाठवला. उत्तर हिंदीत आलं, बहुधा मलाही कळावं म्हणून. झाड तीन हात झालंय. बुंध्याशी एक मुनवा फुटलाय, तो काढायचा नाही असं मुलांना सांगून ठेवलंय. पाणी बाकीच्यांबरोबरच मिळतं. आणि तुमची आई अजून डिसेंबरात कुठे जाते, असंही त्यांनी विचारलं होतं.