सेकंदाचा विसावा भाग

निन्टेंडो कंपनीच्या गेमक्यूब यंत्रासाठी २००१ च्या अखेरीस जपान व अमेरिकेत एक द्वंद्वाचा खेळ आला. अमेरिकेत त्याचे नाव ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’. मराठी कानाला हे नाव अशुभ वाटेल, पण उच्चार तोच आहे. खेळासोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत ‘वेव्हडॅश’ हा शब्द कोठेही नाही. ती चाल खेळाडूंनी प्रचारात आणली आणि नावही त्यांनीच दिले.

सांगलीहून उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेल्या एका तरुणाने मित्रांच्या संगतीत ही चाल शिकावयास घेतली, तेव्हा आठवडाभरात हात बसेल असा त्याचा अंदाज होता. कृती सांगावयास सोपी आहे. उडीचे बटण दाबावे आणि पात्राचे पाय जमिनीवरून सुटताक्षणी कंट्रोलरची दांडी तिरपी खाली रोखून वरच्या कडेचे बटण दाबावे. वार चुकवण्यासाठी हवेत घ्यावयाची झेप मग जमिनीलाच भिडते आणि पात्र शेवाळलेल्या फरशीवरून जावे तसे घसरत जाते. वेगाने धाव घेताना बरेचसे वार बंद असतात. या घसरणीत मात्र पात्र उभेच असल्याने ते लवकरच पुन्हा हाती येतात. शिवाय प्रतिस्पर्ध्याकडे तोंड ठेवूनच मागे सरकता येते.

अडचण आहे ती वेळेची. या खेळात सेकंदाला ६० चित्रे सरकतात. फॉक्स नावाचे पात्र उडीपूर्वी ३ चित्रांपुरतेच वाकते, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. बटण त्याआधी दाबले तर नुसती उडी. उशीर झाला तर पात्र हवेत हतबल होऊन खाली येते आणि समोरचा टपलेलाच असतो. लुईजी ४ चित्रे वाकतो आणि त्याचे पाय निसरडे असल्याने सर्वांत दूर जातो. अवजड बाउझरला ८ लागतात. पात्र बदलले की बोटांचा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागतो.

पहिल्या महिन्यात तरुणाचा खेळ सुधारण्याऐवजी बिघडला. पूर्वी सहज जिंकलेले डाव तो हरू लागला. अंगठा दुखे, तेव्हा पकड सैल करण्यास शिकावे लागले. दूरध्वनीवर आईने विचारले, “अरे, याची परीक्षा कधी असते?”

“परीक्षा नसते गं, आई.”

“मग इतका का राबतोस?”

त्याला उत्तर सुचले नाही. प्रश्न रास्तच होता. २००८ साली याच मालिकेतील पुढचा खेळ आला, त्यात हवेतील त्या झेपेचे नियम बदलले आणि ही चाल नाहीशी झाली. अनेकांचे वर्षानुवर्षांचे कसब तेथे चलनातून बाद झालेल्या नोटेसारखे ठरले. तरीही कित्येक खेळाडू जुन्या खेळातच राहिले. नव्या पडद्यांवर चित्र किंचित उशिरा उमटते, म्हणून ते काचेच्या नळीचे जड दूरचित्रवाणी संच उचलून स्पर्धेला नेत. या हट्टाला वेडेपणा म्हणणे सोपे आहे. पण सरावाचे मोल जाणणारा माणूस तसे म्हणताना थोडा थांबेल.

एका रात्री डाव रंगात असताना मित्राने खेळ थांबवून विचारले, “हे तुला कधीपासून यायला लागलं?” तरुणाला काय केले तेच ठाऊक नव्हते, त्याचे सारे लक्ष समोरच्या फॉक्सवर होते. पुन्हा करून दाखव म्हटल्यावर त्याने नीट सावरून बसून बटणे दाबली. पात्राने नुसती उडी मारली.