देवयानी चौकटीत मावली!

मुलांनो, देवयानी दीर्घिका आकाशात केवढी आहे, ठाऊक आहे? सहा पूर्णचंद्र एका ओळीत ठेवा, जवळजवळ तेवढी लांब! नुसत्या डोळ्यांना मात्र पुसट ठिपकाच दिसतो. माझ्या ८० मि.मी. भिंगाच्या दुर्बिणीचं नाभीय अंतर ४८० मि.मी. फोटोत दीर्घिकेची टोकं कापली जायची. म्हणून वर्षभर पैसे साठवून ०.८ चा फोकल रिड्यूसर घेतला. हे भिंग किरणांना अलीकडेच एकत्र आणतं. ४८० चे ३८४ होतात, आणि चौकटीत जास्त आकाश मावतं. शिवाय पाच मिनिटांचं काम सव्वातीन मिनिटांत!

डिसेंबरातल्या अमावास्येला आम्ही वांगणीला गेलो. पहिला फोटो पाहिला आणि पोटात गोळाच आला. मधले तारे टिपक्यासारखे, पण कोपऱ्यांतल्यांना चक्क शेपट्या फुटलेल्या! गेले पैसे पाण्यात, असं वाटलं.

लेक म्हणाली, "बाबा, सोबतचा कागद वाचलात का?"

कुठला वाचतोय! रिड्यूसरपासून कॅमेऱ्याच्या सेन्सरपर्यंत बरोबर ५५ मि.मी. हवे होते. त्यासाठी दिलेली कडी डबीतच राहिली होती. थंडीने बोटं आखडलेली, तरी ती बसवली, पुन्हा फोकस केला. देवयानी पश्चिमेला कलली होती. मावळण्याआधी अकरा फोटो मिळाले, टोकापासून टोकापर्यंत.

ती डबी आता लेकीच्या दप्तरात असते.