पहिलं काम देणार कोण?

मंडळी, परवा आमच्या गल्लीतल्या एक ताई घरी आल्या. चार बायकांना सोबत घेऊन त्यांनी साफसफाईचं काम सुरू केलंय. एका कार्यालयाची निविदा भरायला गेल्या, तर अट तीन वर्षांच्या अनुभवाची. म्हणाल्या, "भाऊ, कामच नाही भेटलं तर अनुभव कुठून आणू?"

उद्यम नोंदणी मोफत होते. ती असली की केंद्राच्या बऱ्याच निविदांत बयाणा रकमेतून सूटही मिळते. पण अनुभवाचा दाखला पोर्टलवर मिळत नाही. त्यासाठी कोणीतरी आधी काम द्यावं लागतं. पुढे संसद भवनाच्या साफसफाईपर्यंत पोचलेल्या हणमंतराव गायकवाडांच्या बीव्हीजीनंही 1997 मध्ये आठ माणसांवर सुरुवात केली. तेव्हा काम दिलं ते पुण्याच्या टेल्को कारखान्यानं.

आपल्या चिखलीत टेल्को नाही, पण दवाखाने, पतसंस्था, मंगल कार्यालयं, क्लासेस आहेत. तिथं काम मिळतं, पण तोंडी. "उद्यापासून या" म्हणायचं अन् महिना भरला की "पुढच्या आठवड्यात बघू".

म्हणून विनंती एवढीच. काम द्या, पण कागदावर द्या. खोल्या किती, आठवड्यातून किती वेळा, सामान कोणाचं, पैसे कोणत्या तारखेला, एवढं लिहा अन् दोघांनी सह्या करा. काम पटलं तर वर्षाअखेर लेटरहेडवर दाखला द्या.

ताईंना सांगितलंय, निविदा नंतर, आधी दहा दवाखाने फिरा. उद्या तुमच्या दारात आल्या तर दोन मिनिटं बसवून ऐकून घ्या.