पाणी घातलेला आकडा

मेमोच्या वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांक होता, खाली प्रशासकांची सही होती आणि मधल्या चार ओळींत एकच प्रश्न होता: स्वादुपिंडाला सूज आलेल्या पेशंटचा अमायलेजचा रिपोर्ट लॅबने 'नॉर्मल' कसा दिला, याचा लेखी खुलासा करावा. खुलासा दिला गेला. तो कुणी वाचला का, हे प्रस्तुत लेखिकेला आजतागायत कळलेलं नाही. ताकीद मात्र वेळेवर मिळाली.

रुग्णालय एका ट्रस्टचं, गाव दक्षिण महाराष्ट्रातलं, तालुक्याचं. लेखिका डीएमएलटी करून तिथल्या लॅबमध्ये लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. बाकी सगळं कुठल्याही लहान लॅबमध्ये असतं तेच: एक सेंट्रिफ्यूज, एक वॉटर बाथ, रिएजंटच्या बाटल्यांशेजारी कुणाचा तरी डबा ठेवलेला फ्रिज आणि रात्रपाळीला एकटा माणूस.

अमायलेज हे पिष्ट तोडणारं एन्झाइम. ते लाळेत असतं आणि स्वादुपिंडातही बनतं. स्वादुपिंडाला सूज आली की ते रक्तात उतरतं, काही तासांत त्याची पातळी चढते आणि तीन ते पाच दिवसांत पुन्हा खाली येते. म्हणून पोट धरून आलेल्या माणसाचं अमायलेज बघायचं. रक्तातलं अमायलेज आणि स्वादुपिंडाचा आजार यांची सांगड एलमन, आर्नेसन आणि ग्रॅहम या अमेरिकी डॉक्टरांनी 1929 साली घालून दिली. त्याआधी 1908 मध्ये जर्मनीत वोलगेमुट यांनी पिष्ट आणि आयोडीन वापरून हे एन्झाइम मोजायची पद्धत बसवली होती. एन्झाइम स्वतः दिसत नाही, त्याचं काम दिसतं. ते काम डोळ्यांना दिसावं म्हणून रंग.

लेखिका नोकरीला लागली तेव्हा कॅरवे यांची 1959 सालची पद्धत चालू होती. दोन नळ्यांत पिष्टाचं द्रावण घ्यायचं, एकीत पेशंटच्या रक्ताचं सीरम टाकायचं, 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये बरोबर साडेसात मिनिटं ठेवायचं आणि मग दोन्हींत आयोडीन. पिष्ट उरलं असेल तितका निळा रंग. अमायलेजने पिष्ट खाऊन टाकलं असेल तर नळी फिकी. म्हणजे हिशोब उलटा: आजार जितका मोठा तितका रंग कमी. नव्या मुलांचा यात हमखास घोळ व्हायचा. साडेसात मिनिटं स्टॉपवॉचवर नजर, हाताच्या बोटांना आयोडीनचे तपकिरी डाग, आणि त्या वेळात कुणी बोलायचं नाही, असा सीनियर बाईंचा दंडक होता. पहिल्यांदा तो विक्षिप्तपणा वाटला. नंतर कारण समजलं. तेव्हा पिपेट तोंडाने ओढत, आणि लाळेत अमायलेज रक्ताच्या शेकडो पट असतं. नळीवर वाकून बोलताना एक बारीक थेंब उडाला तरी निरोगी माणूस कागदोपत्री गंभीर आजारी व्हायचा.

पुढे सेमी-ऑटो यंत्र आलं, किट आलं. किटमध्ये पिष्टाऐवजी तीन ग्लुकोजच्या कड्यांची एक बनावट साखळी असते आणि तिच्या टोकाला क्लोरो-नायट्रोफिनॉल बांधलेलं असतं. अमायलेजने ते सोडवलं की द्रव पिवळा होतो. यंत्र 405 नॅनोमीटरच्या प्रकाशात दर मिनिटाला पिवळेपणा किती वाढला ते बघतं, त्याला फॅक्टरने गुणतं आणि आकडा दाखवतं. स्टॉपवॉच गेलं, आयोडीनचे डाग गेले. जुने फिजिशियन काही दिवस 'सोमोजी युनिटमध्ये किती?' असं विचारत राहिले, तर 1.85 ने भागून सांगायचं. तेही थांबलं.

आता ती रात्र.

पेशंट पस्तिशीचा, ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर. संध्याकाळपासून बेंबीच्या वर कळ, पाठीत जाणारी, उलट्या. सीरम वेगळं करायला बल्ब, म्हणजे रक्ताची छोटी नळी, फिरवला आणि बाहेर काढला, तर वरचा थर पांढरा. सीरम पिवळट, पारदर्शक असतं. बल्बमागे बोट धरलं तर दिसतं. इथे बोट दिसेना. लॅबच्या भाषेत मिल्की सीरम. रक्तात चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, भरमसाट असली की असं होतं. आणि ट्रायग्लिसराइड हजार मिलिग्रॅमच्या वर गेलं तर त्यानेच स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. म्हणजे आजाराचं संभाव्य कारण बल्बमध्ये समोर दिसत होतं, कुठलंही यंत्र न लावता.

अमायलेज लावलं. 78. किटवरची वरची मर्यादा शंभराच्या आतली, तेव्हा यंत्राच्या मते सगळं ठीक.

इथे एक गोष्ट माहीत असावी लागते, आणि ती लेखिकेला सीनियर बाईंमुळे माहीत होती. अशा दुधाळ सीरममध्ये अमायलेज खरं असतं त्यापेक्षा कमी येतं. रक्तातलं काहीतरी त्या एन्झाइमला दाबून धरतं. 1975 साली वॉरशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हे मांडलं होतं: चरबीने भरलेल्या रक्ताच्या पेशंटमध्ये स्वादुपिंडाला सूज असूनही अमायलेज नॉर्मल येतं, आणि सीरम पातळ केलं की दाबणारा घटक विरळ होऊन खरा आकडा वर येतो. म्हणून एक भाग सीरम, नऊ भाग सलाईन, पुन्हा लावलं. यंत्राने 31 दाखवलं. गुणिले दहा, 310. मर्यादेच्या तिप्पट पार. स्वादुपिंडाच्या दुखण्यात हाच तिपटीचा निकष धरतात. 2012 सालच्या सुधारित अटलांटा वर्गीकरणातही तो आहे.

रजिस्टरमध्ये आणि स्लिपवर लिहिलं: 'सीरम मिल्की. थेट 78. दहापट पातळ करून 310. डॉक्टरांनी फोन करावा.' वॉर्डला फोनही केला. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर लेबर रूममध्ये आहेत हो, सांगते त्यांना." पाळी संपली, लेखिका घरी गेली.

पुढचं सगळं दुसऱ्या दिवशी रिपोर्ट टाइप करणाऱ्या मुलाकडून कळलं. रुग्णालयात नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याच्यात तपासणीच्या नावापुढे एक चौकोन, चौकोनात फक्त अंक, आणि अंक टाकला की शेजारी 'नॉर्मल' किंवा 'हाय' आपोआप उमटायचं. शेऱ्याला जागा नव्हती. दोन आकड्यांना तर नव्हतीच. मुलाने कॉरिडॉरमध्ये इंटर्न डॉक्टरांना गाठून विचारलं, "सर, दोन लिहिलेत, कुठला टाकू?" त्यांनी स्लिप बघितली आणि म्हणाले, "हा पाणी घातलेला आकडा नको. ओरिजिनल टाक."

पाणी घातलेला आकडा! गवळ्याने दुधात पाणी घालावं तसं लॅबवालीने सीरममध्ये घातलं, म्हणजे तो आकडा भेसळीचा. प्रत्यक्षात त्या भेसळीच्या आकड्यातच पेशंटचा आजार होता आणि 'ओरिजिनल' आकडा धडधडीत खोटा होता. ज्या सीरमकडे बघून शाळकरी पोरही 'हे असं पांढरं का?' म्हणून विचारेल, ते सीरम कुणी बघितलंच नाही. बघितला तो चौकोन. सकाळी पेशंटला ॲसिडिटीचं इंजेक्शन आणि गोळ्या देऊन घरी सोडलं. दोन दिवसांनी त्याला परत आणलं तेव्हा पोट फुगलेलं, श्वास वर लागलेला. मिरजेला हलवला. तिथे ट्रायग्लिसराइड दोन हजारांच्या वर आलं आणि सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंड सुजलेलं दिसलं. बरेच दिवस आयसीयूत काढून माणूस वाचला. नातेवाइकांनी रिपोर्टचा कागद पुढे धरून विचारलं, हा नॉर्मल कसा? त्यांचा प्रश्न रास्तच होता. फक्त तो वरून खाली घरंगळत लॅबवर येऊन थांबला.

खुलाशात लेखिकेने रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स जोडली. प्रशासनाचं तोंडी उत्तर असं की, रिपोर्ट आता कॉम्प्युटरचा, तोच अधिकृत. रजिस्टर लॅबचं अंतर्गत. म्हणजे हाताने लिहिलेलं खरं अनधिकृत आणि छापलेलं चूक अधिकृत. "मग शेरा कुठे लिहायचा?" या प्रश्नावर, "सॉफ्टवेअरवाल्याशी बोलतो," असं आश्वासन मिळालं. सॉफ्टवेअरवाला पुण्याचा होता आणि त्याचे उरलेले पैसे द्यायचे राहिले होते. इंटर्न डॉक्टर तोवर दुसऱ्या पोस्टिंगला गेले होते. टायपिंगवाला मुलगा कंत्राटी. त्याला बोलून कुणाला काय मिळणार? उरली कायम नोकरीतली लॅब टेक्निशियन.

त्या इंटर्नचा राग लेखिकेने पुष्कळ वर्षं जपला. आता वाटतं, तो पोरगा अगदीच चुकीचा नव्हता. पुस्तकात सॅम्पल पातळ करायला सांगतात ते आकडा फार वर गेला, यंत्राच्या आवाक्याबाहेर गेला तर. नॉर्मल आलेला आकडा पातळ करून बघायचा, हे त्याला कुणी शिकवलं असणार? रात्रभर लेबर रूममध्ये उभ्या असलेल्याला दोन आकड्यांपैकी एक निवडायला लावलं, त्याने सरळ दिसणारा निवडला. पण मग स्लिपवर 'डॉक्टरांनी फोन करावा' असंही होतं, ते का नाही वाचलं? राग गेला म्हणावं तर पुरता जात नाही.

कॉम्प्युटरविषयीही तसंच. तो आला आणि शेरे गेले, असं लेखिका कित्येकांना सांगत आली आहे. पण आधीच्या काळी शेरे होते तेव्हा वाचायचं कोण? डॉक्टरांची अक्षरं बदनाम, लॅबवाल्यांची काही कमी नव्हती. 78 चे 18 झालेले पाहिले आहेत. पुढे त्याच सॉफ्टवेअरमध्ये शेऱ्याचा चौकोन आला, तर प्रत्येक रिपोर्टखाली 'क्लिनिकली कोरिलेट करावे' हे वाक्य आपोआप छापलं जाऊ लागलं. साखरेच्या रिपोर्टखाली तेच, कावीळ असो की लघवी, तेच. जे सगळीकडे छापलेलं असतं ते कुणाला दिसत नाही. मोठ्या शहरांतली पूर्ण ऑटो यंत्रं सीरम किती दुधाळ, किती लालसर, किती पिवळं हे स्वतःच मोजतात आणि आकड्याशेजारी सूचना देतात. तालुक्याच्या सेमी-ऑटोत ती सोय नाही. तिथे अजूनही डोळे लागतात.

या तपासणीत फसायच्या जागा आणखीही आहेत. अमायलेजला काम करायला कॅल्शियम लागतं. सीबीसीसाठीच्या जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये ईडीटीए असतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं. घाईत त्याच बल्बमधलं रक्त अमायलेजला वापरलं की आकडा पडतो. उलट, गालफुगीत अमायलेज चढतं आणि स्वादुपिंड ठणठणीत असतं. काही जणांच्या रक्तात अमायलेज मोठ्या प्रथिनांना चिकटून फिरतं, मूत्रपिंडातून गळतच नाही. त्याला मॅक्रोअमायलेज म्हणतात. अशा माणसाचा आकडा कायम वर, तब्येत ठीक, आणि डॉक्टर बदलत तो हिंडत असतो. तेव्हा असा रिपोर्ट हाती आला तर एकदा लॅबमध्ये जाऊन विचारावं, सॅम्पल कुठल्या बल्बमध्ये घेतलं, दिसायला कसं होतं. टेक्निशियन वैतागेल. वैतागू द्यावं.

अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेची तर शिफारसच आहे की, स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेची शंका असेल तर अमायलेज करू नका, लायपेज या एन्झाइमची तपासणी करा. लायपेज जास्त दिवस वर राहतं, लाळेच्या ग्रंथींमुळे चढत नाही. शिफारस बरोबर आहे. पण लायपेजचं किट महाग, ते उघडल्यावर ठरावीक दिवसांत संपवावं लागतं आणि तालुक्याला तेवढे पेशंट नसतात. मग सॅम्पल मोठ्या गावाला पाठवायचं आणि रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. पोट धरून आलेला माणूस तोवर थांबत नाही, म्हणून अमायलेज चालूच आहे.

लेखिकेच्या जागी आलेली मुलगी अधूनमधून फोन करते. मध्यंतरी तिने असंच एक पांढरं सीरम सांगितलं. लेखिका म्हणाली, "दोन्ही आकडे लिही आणि टायपिंगला देण्याआधी डॉक्टरांना स्वतः वाचून दाखव." ती हसली. "ताई, आता वाचून नाही दाखवावं लागत. बल्बचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला की सरांचा लगेच फोन येतो." मागे बोट धरून काढ म्हणावं फोटो, पांढरेपणा नीट कळतो.