रझाकारात कडेवर, आधारवर एक जानेवारी

किनवट भागातल्या जुन्या माणसाला वय विचारलं की आकडा मिळत नसे, हकीगत मिळे. "पुलिस ॲक्शन झाली तव्हा म्या मायच्या कडंवर व्हते," असं एखादी आजी म्हणे आणि प्रश्न तिथंच मिटे. ऐकणाराही त्याच मातीतला असे, त्यामुळे त्याला पुढचं विचारावं लागत नसे. पुलिस ॲक्शन म्हणजे 13 सप्टेंबर 1948 ला भारताचं सैन्य निजामाच्या राज्यात शिरलं आणि 17 तारखेला राज्य शरण आलं, ती कारवाई. त्याआधीच्या दीड वर्षात निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या भीतीनं कित्येक घरं रातोरात सीमा ओलांडून वऱ्हाडात गेली होती. म्हणजे कडेवर असलेल्या त्या पोरीला घेऊन तिची माय कुठून कुठं चालत गेली असेल, हेही त्या एका वाक्यात येई. दीड-दोन वर्षांचं लेकरू, जिवाची धास्ती, मागं राहिलेलं घर आणि गुरं. वय सांगता सांगता घराचा इतिहास सांगून व्हायचा.

'पोलीस ॲक्शन' हे शब्द इंग्रजी आहेत, पण माझ्या लहानपणी ते कुणाला इंग्रजी वाटत नसत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्या ते पोळा-दिवाळी म्हणावं इतक्या सहज बोलत. इंग्रज या भागावर थेट राज्य करायला कधी आलेच नाहीत. पैनगंगेच्या पलीकडे, आजच्या यवतमाळ जिल्ह्यात, 1853 पासून त्यांचा कारभार, अलीकडे निजामाचा. पलीकडे कलदार रुपया, अलीकडे हाली सिक्का. आमच्याकडे कचेरीत उर्दू चालायची आणि सरकारी सन फसली असायचा, त्याचे महिने आजूर, बहमन, खुरदाद. म्हणून आमचे आजोबा वयाला 'उमर' म्हणत, जन्माला 'पैदाईश' म्हणत, आणि मागच्या काळाला 'जमाना'. बाजारात तेलुगू, पाड्यावर गोंडी आणि कोलामी, तांड्यावर गोरमाटी. 1956 पर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता, राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला. एका माणसाच्या आयुष्यात निजामाचं हैदराबाद, मग भारतातलं हैदराबाद राज्य, मग मुंबई राज्य आणि 1960 साली महाराष्ट्र अशी चार राज्यं झाली, आणि तो मात्र त्याच वावरात नांगर धरून होता. अशा माणसानं तारखांवर भरवसा ठेवावा तरी कोणत्या?

म्हणून त्यानं काळाला आपल्या खुणा बांधल्या. माझ्या पणजीच्या पिढीला 1918 ची साथ 'मानमोडी' म्हणून आठवत होती. त्यानंतर रझाकार. मग बहात्तरचा दुष्काळ. त्यात खडी फोडायला गेलेली माणसं, सरकारनं वाटलेली सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो, या तिन्ही गोष्टी ज्याला आठवतात तो तेव्हा किती मोठा होता हे आपोआप कळतं. नुसती सुकडी आठवत असेल तर तो लेकरू होता. खडीची मजुरी आठवत असेल तर हाताशी आलेला. शेवटची मोठी खूण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेची, किल्लारीच्या भूकंपाची. किल्लारी आमच्यापासून लांब, लातूर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तरी 'भूकंपाच्या साली लग्न झालं' असं आमच्याकडेही म्हणतात. त्यानंतर सगळ्या मराठवाड्यानं मिळून वयाला बांधावी अशी खूण माझ्या ऐकण्यात नाही.

महिना लागलाच तर तो रान सांगे. मोहफुलं वेचायच्या दिवसांत झालेला, पोळ्याच्या करीला झालेली, ज्वारी हुरड्याला आली होती तेव्हाचा. अंगाची भाषा वेगळी होती. दुधाचे दात पडले, मिसरूड फुटलं, हाताशी आला, पोक्त झाला, कंबरेत वाकला. यातला प्रत्येक शब्द माणसाकडे बघून बोललेला आहे. 'चार पावसाळे जास्त पाहिलेत' हे तर कोरडवाहू मुलखालाच शोभावं असं बोलणं, कारण इथं पाऊस पाहणं हेच मोठं काम. कठोर बोलणीही होती, ती लपवायचं कारण नाही. साठी बुद्धी नाठी म्हणायचे, गोवऱ्या मसणात गेल्या म्हणायचे, आणि तेही म्हाताऱ्यांच्या तोंडावर.

बैलाचं वय तर अजूनही बाजारात असंच ठरतं. घेणारा एका हातानं वेसण धरतो, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं खालचा ओठ दाबून खाली ओढतो आणि दात मोजतो. अजून दुधाचेच असतील तर आदत. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे आले की 'जुळला'. लाल कंधारीचा गोऱ्हा असो की गावरान, मालक काही म्हणो, घेणारा ओठ उघडल्याशिवाय पैशाची गोष्ट काढत नाही. माळेगावच्या यात्रेत लहानपणी मी हे तासन्‌तास बघत उभा राहायचो.

आमच्या पिढीला शाळेनं तारीख दिली. बाप लेकराला घेऊन उभा राही. गुरुजी म्हणत, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धर. कान हाताला लागला की पोरगं सहाचं धरायचं. मग गुरुजी विचारत, "दादा, कव्हा झालं हे?" बाप म्हणे, "बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली, पेरणी झाली व्हती." गुरुजी बोटांवर हिशेब करत आणि रजिस्टरात लिहीत : 1 जून. वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एकच. वाढदिवस कुणी करत नसे, त्यामुळे कुणाचं अडलं नाही. पुढे त्याच 1 जूनवर नोकऱ्या लागल्या आणि त्याच हिशेबानं माणसं सेवानिवृत्त होऊ लागली.

आता त्याच गावात वय इंग्रजीत बोललं जातं. पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारा पोरगा म्हणतो, "काका, औंदा नाही निघालं तर मी एज बार होतो." एवढं बोलताना त्याचा चेहरा पडतो. पंचविशी-तिशीतलं वय, अंगात बैलाची ताकद, आणि तो स्वतःला संपलेला समजतो. आमच्याकडे पंचविशीपर्यंतच्या वयाला गद्धेपंचविशी म्हणत, म्हणजे चुकायची मुभा असलेलं वय. त्या मुभेची जागा 'एज बार'नं घेतली, याचं मला फार वाईट वाटतं. घरात नातवंडं आजोबांच्या मोबाइलला 'ओल्ड मॉडेल' म्हणतात, त्यांच्या सवयींना 'आउटडेटेड'. मनात वाईट काही नसतं. पण आमच्याकडे जुनं म्हणजे मुरलेलं, आणि या शब्दांत जुनं म्हणजे टाकायला काढलेलं.

एसटीत चढलेल्या म्हाताऱ्याला कंडक्टर 'बाबा' म्हणतो खरा, पण लगेच "आधार दाखवा" म्हणतो. 65 ला अर्धं तिकीट, आणि ऑगस्ट 2022 पासून 75 ला फुकट प्रवास. बाबा पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढतात. त्यावर 1 जानेवारी. देशातलं पहिलं आधार महाराष्ट्रातच, नंदुरबारच्या टेंभली गावात 29 सप्टेंबर 2010 ला दिलं गेलं. पुढे ते आमच्याकडे आलं तेव्हा ज्यांना फक्त साल सांगता आलं त्यांना यंत्रानं वर्षाचा पहिला दिवस देऊन टाकला. बाबांच्या तोंडी आता 'सीनियर सिटिझन' आलं आहे. फुकट प्रवास त्यांना मोलाचा आहे, मुलीच्या गावी जाता येतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तारखेचं ऋणही मानलं पाहिजे. 'लग्नाला आली' हे पूर्वी डोळ्यांनी ठरे, आणि त्या डोळ्यांनी कित्येक पोरींचं बालपण खाल्लं. बालविवाहाच्या कायद्यातल्या 1978 च्या दुरुस्तीनं मुलीच्या लग्नाचं किमान वय 18 केलं. कागदावर तारीख असेल तरच शिक्षिकेला किंवा अंगणवाडी ताईला ते लग्न थांबवता येतं. तिथं कुणाच्या आठवणीवर विसंबून चालणार नाही.

आणि कागदच सर्वस्व झाला की काय होतं, तेही किनवटला रोज दिसतं. गोंड, कोलाम, आंध घरातल्या पोराला जातपडताळणीला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा भक्कम ठरतो. कुठूनतरी निजामाच्या काळातली नक्कल हाती येते, ती उर्दूत. ती वाचणारा शोधावा लागतो. सन लिहिलेला असतो 1352 फसली. त्यात 590 मिळवले की 1942. पोरगा तो हिशेब कागदावर मांडतो, तेव्हा त्याच्या घरातली म्हातारी बाजूला बसलेली असते, जिला घराचा तो सगळा इतिहास तोंडपाठ असतो. तिचं सांगणं मात्र पुराव्यात बसत नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, आणि त्या प्रकरणात शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली. पोराचा हात कानाला लावून गुरुजींनी लिहिलेल्या तारखांना त्यामुळे आणखी काही वर्षं मान राहील. पण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशाला जन्मदाखलाच पुरावा आहे. ते योग्यच झालं. एक जूनवाल्यांची आमची पिढी शेवटची.

पोलीस ॲक्शनच्या वेळी कडेवर असलेली माणसं आता ऐंशीच्या आसपास आहेत. तुमच्या घरात, गल्लीत, पाड्यावर, तांड्यावर असं कुणी असेल तर जवळ जाऊन बसा. वय विचारू नका, 'तव्हा काय चाललं व्हतं' ते विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत वहीत लिहा किंवा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि खाली गावाचं नाव घाला. येत्या पोळ्याच्या आत एवढं काम उरका.